कोरड्या केसांसाठी जास्वंदीचं पाणी

जास्वंदीची ७-८ पानं नि २ फुलं धुवून २ कप उकळत्या पाण्यात टाका, गॅस बंद करून झाकण ठेवा, कोमट झालं की हाताने कुस्करा म्हणजे पाणी बुळबुळीत होतं, तोच चिकटपणा केसांवर पातळ थर धरतो म्हणून गुंता पटकन सुटतो. गाळायचा कंटाळा करू नका, बारीक फडक्यातूनच गाळा, नाहीतर पानांचा चुरा दिवसभर केसांतून वेचत बसाल (मी बसलेय!). शाम्पूनंतर हे गाळलेलं, गार झालेलं पाणी टोकांवर जास्त ओता, ५ मिनिटांनी साध्या पाण्याने धुवा. आठवड्यातून एकदा बास. ब्लीच केलेल्या केसांना लाल फुलं नको, नुसती पानं घ्या. आणि हो, फाटे फुटलेली टोकं याने जुळत नाहीत, ती कापायचीच.