आई आणि मावशीचे फोटो एकाच नावाखाली येत होते, असा सुटला गुंता

ठाण्यातल्या पाडव्याच्या स्वागतयात्रेचे फोटो, दोघी बहिणी नऊवारी-नथीत, त्यामुळे फोनमधल्या गूगल फोटोजने आई आणि मावशी एकच करून टाकली आणि वर चष्म्यातली आई तिसरीच कुणीतरी म्हणून वेगळी. चेहऱ्याला दिलेलं नावाचं लेबल काढून परत टाकलं, काही नाही. फेस ग्रुपिंग (एकाच चेहऱ्याचे फोटो एकत्र लावणारं सेटिंग) बंद-चालू केलं तर घरातल्या सगळ्यांचीच नावं उडाली, डोकं फिरलं (ते करूच नका), सगळी परत टाकली.

शेवटी चाललं ते असं. आईचा चेहरा उघडून वरचे तीन ठिपके, तिथे रिमूव्ह रिझल्ट्स, मावशीचे फोटो सिलेक्ट करून रिमूव्ह. घाबरू नका, फोटो डिलीट होत नाही, फक्त ग्रुपमधून जातो. ही सफाई झाल्यावरच चष्म्यावाला ग्रुप उघडून आईचं नाव, टाईप न करता सजेशनमधून निवडायचं, सेम पर्सन का विचारेल, यस. दोन्ही एक झाले.