सोलापूरजवळचं नान्नजचं माळरान असो वा हिप्परगा तलाव, नोंद अशी करा

पक्ष्यांची नोंद ईबर्डवर (पक्षीनोंदींचं संकेतस्थळ आणि अ‍ॅप) करताना फक्त दुर्मीळ पक्षी टाकू नका. साळुंकी, होला, कावळा यांच्यासकट ओळखता आलेले सगळे पक्षी लिहा, तरच यादी 'पूर्ण' म्हणा. अशा यादीत जे नाही ते दिसलं नाही, असा अर्थ अभ्यासक काढतात. म्हणून वगळलेली चिमणीही खोटी माहिती ठरते.

हिप्परग्याला बदकांचा थवा मोठा असेल तर आधी १० पक्षी मोजा, तेवढ्यांनी किती जागा व्यापली ते पाहा आणि तो तुकडा थव्यावर किती वेळा बसतो ते मोजा. नुसतं 'भरपूर' कुणाच्या उपयोगाचं नाही.

भोवत्या (हॅरियर) या शिकारी पक्ष्यांच्या माद्या आणि पिल्लं भल्याभल्यांना चकवतात. खात्री नसेल तर 'भोवत्या' एवढंच लिहा. अंदाजाने जात ठोकून देऊ नका.

खोकड, काळवीट, सरडे, फुलपाखरं आयनॅचरलिस्टवर (सगळ्या सजीवांच्या फोटोसह नोंदींचं संकेतस्थळ आणि अ‍ॅप) टाका. इथे हमखास होणारी चूक म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो चढवणे. त्यातून मूळ तारीख आणि ठिकाण गळून पडतं, मग नोंद भलत्याच दिवसाची किंवा थेट तुमच्या घराची होते. कॅमेऱ्यातली मूळ फाइलच वापरा. जुन्या कॅमेऱ्यात जीपीएस नसेल तर नकाशावर खूण हाताने लावा.

लांडग्याची गुहा किंवा कुठलंही घरटं असेल तर आयनॅचरलिस्टवर स्थान 'अस्पष्ट' ठेवा, म्हणजे नेमकी जागा इतरांना दिसत नाही. माळढोक हा अतिदुर्मीळ पक्षी दिसलाच, तर ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका, वनविभागाला कळवा.