मान-पाठ धरते? खुर्ची, स्कूटर आणि आडोळी (बसून नारळ खवायची विळी) तपासून बघा

डोक्याचं वजन साधारण 5 किलो. ते खांद्यांच्या बरोबर वर असेल तर मणके निमूट पेलतात. मोबाईल बघायला मान झुकली की तेच वजन मानेमागच्या स्नायूंना ओढून धरावं लागतं. म्हणून संध्याकाळी खांद्यापर्यंत ठणका लागतो. नुसतं ताठ बसून भागत नाही. दोन तास न हलता ताठ बसलात तरी पाठ धरतेच.

खुर्चीत पार मागे सरकून बसा. कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची मनगटाएवढी जाड गुंडाळी ठेवा. त्याहून जाड ठेवली तर कंबर पुढे ढकलली जाते. पावलं टेकत नसतील तर खाली पाट घ्या. लॅपटॉप पुस्तकांवर चढवून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा, अंतर हातभर. कीबोर्ड मात्र वेगळा हवाच, नाहीतर खांदे कानांकडे चढतात. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर स्क्रीन थोडी खाली ठेवा. खालच्या भिंगातून वाचायला हनुवटी वर जाते आणि मान मागे मोडते. दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं उठा.

म्हापशाहून पणजीला रोज स्कूटरने जाणाऱ्यांनी मागच्या खिशातलं पाकीट आधी काढावं, त्याने कंबर एका बाजूला कलते. बॅग खांद्याला नको, डिकीत टाका. कोपर किंचित वाकलेले, हँडलची पकड सैल. गतिरोधक आला की वेग कमी करून थोडा भार पावलांवर घ्या, म्हणजे दणका थेट मणक्याला बसत नाही.

आडोळीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. तिच्यावर बसलं की गुडघे वर येतात, कंबर मागे गोल होते, आणि त्याच अवस्थेत नारळ दाबून फिरवावा लागतो. दोन नारळांची सोय (खवलेलं खोबरं) काढेपर्यंत कमरेचे स्नायू ताणलेलेच. एक पाय पुढे लांब करा, कमरेतून न वाकता खुब्यातून झुका, आणि प्रत्येक वाटीनंतर उभं राहून पाठ सरळ करा. आधीच दुखत असेल तर ओट्याला बसवायची, मूठ फिरवायची खवणी घ्या; आमच्या मते हाच खर्च सगळ्यात सार्थकी लागतो.

मानेसाठी एक व्यायाम: नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे ओढा, 5 सेकंद धरा, सोडा. असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. बरेचजण इथे मान खाली घालतात, मग उपयोग होत नाही. मान गरगर फिरवू नका, कडकड मोडूही नका.

हातापायाला मुंग्या येत असतील किंवा जोर कमी झाला असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. पाठदुखीबरोबर लघवी अडली, लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर ताबडतोब बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) गाठा. जाणं जमत नसेल तर 108 ला फोन करा.