खाडीवरचं काम आणि तिथीचा हिशेब

एम.एस्सी. झाल्यावर एक हंगाम मी ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात बोटीवर पर्यटकांना माहिती सांगायचं काम केलं. या वाटेला येऊ पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पक्षी किती ओळखता यायला हवेत? अहो, पक्षी महिनाभरात जमतात. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, तर दोनच प्रकारचे. मोठ्याची चोच गुलाबी आणि टोकाला काळी, लहानाची गडद, काळपट लाल. शिकावी लागते ती भरती-ओहोटी.

ऐरोलीहून बोट सुटायला पाणी लागतं आणि रोहित चरतात उघड्या चिखलावर. पाणी पूर्ण चढलं की चिखल बुडतो, थवे उठून नवी मुंबईतल्या पाणथळींकडे जातात. पार ओसरलं तर बोट रुतते. मधली वेळ तेवढी आपली, आणि ती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. मी मोबाइलवर तक्ते बघायचे. आमचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, मामा नुसतं विचारायचे, "आज तिथी कुठची?" चतुर्थी म्हटलं की चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. खाडीत आत पाणी पोचायला लागणारा उशीर ते मनातच धरायचे. हा हिशेब मला एम.एस्सी.च्या दोन वर्षांत कुणी सांगितला नव्हता.

दुसरं अवघड काम म्हणजे नाही म्हणणं. अभयारण्य २०१५ सालचं, जेमतेम १७ चौरस किलोमीटरचं, त्यातही अर्ध्याहून अधिक कांदळवन. २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. पण तिकीट काढून आलेल्या माणसाला थवा उडतानाचा व्हिडिओ हवा असतो. एका आजोबांच्या आग्रहाला भुलून मीही एकदा म्हणाले, "मामा, जरा पुढे घेऊ या." मामांनी इंजिनच बंद केलं. "जेवतायत ते. भरल्या ताटावरून उठवायचं का गं कुणाला?" बोट पाण्याबरोबर वाहत राहिली. दहा मिनिटांनी थवाच चरत चरत आमच्याकडे सरकला. माना खाली, चोची उलट्या आणि बदकांसारखी अखंड कुजबुज. आजोबा व्हिडिओ काढायचाच विसरले.

पैशांचं आधीच विचारून घ्या, कारण रोहित साधारण नोव्हेंबर ते मे एवढेच असतात आणि माझं कामही तेवढंच होतं. कायम नोकरी हवी असेल तर वनरक्षक भरती किंवा एमपीएससीची वनसेवा परीक्षा, तो अभ्यास वेगळा. भडक कपडे मात्र घरी ठेवा.

आणि मुलाखतीआधी एकदा ओहोटीला काठावर तासभर बसून या. तिवराच्या, म्हणजे कांदळवनातल्या झाडाच्या, चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांमधून निवटे हे चिखलातले मासे उड्या मारत असतात, फिडलर खेकड्याचा नर आपली एकच अवाढव्य नांगी हलवत माद्यांना बोलावत असतो. शाळेची सहल आली की निम्मे प्रश्न त्याच्यावरच येतात.