जनुकीय अहवाल आणि गोळ्यांची पिशवी

फार्म.डी. (औषधशास्त्राची पदवी), बायोटेक किंवा पॅथॉलॉजी करून फार्माकोजेनोमिक्सकडे, म्हणजे जनुकं पाहून औषध आणि डोस ठरवण्याच्या शास्त्राकडे, वळणारे पुण्यातले बहुतेक जण आधी पीसीआर मशीनची (डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या यंत्राची) चौकशी करतात. मशीनवर हात लवकर बसतो. वेळ लागतो तो अहवाल वाचायला, आणि तोही पेशंटने पिशवीतून आणलेल्या बाकीच्या गोळ्यांसकट.

सुरुवात सीवायपी२सी१९ या एकाच जनुकापासून करा. अँजिओप्लास्टीनंतर गुठळी होऊ नये म्हणून देतात ती क्लोपिडोग्रेल मुळात निष्क्रिय असते. या जनुकापासून बनणारं यकृतातलं विकर (एन्झाइम) तिला कामाला लावतं. जनुकाच्या वेगवेगळ्या प्रकारांना स्टार आणि आकडा अशी नावं असतात; स्टार १ म्हणजे नेहमीचा. स्टार २ आणि स्टार ३ या प्रकारांत विकर काम करत नाही, स्टार १७ मध्ये जास्त तयार होतं. आईकडून एक, वडिलांकडून एक अशी जोडी वाचायची: १/२ म्हणजे मध्यम, २/२ म्हणजे मंद. मंद गटातल्या माणसाने गोळी न चुकता घेतली तरी प्लेटलेट पुरेशा रोखल्या जात नाहीत आणि स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढतो. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए हिने २०१० मध्ये याबद्दल चौकटीतला इशारा दिला. आपल्याकडे स्टार २ मुळीच दुर्मीळ नाही. अशांसाठी पर्याय प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर. पण आधी पक्षाघात होऊन गेला असेल तर प्रासुग्रेल बाद, आणि टिकाग्रेलॉरने काहींना धाप लागते. ही निवड जनुक करून देत नाही, पेशंटचा पूर्वेतिहास करून देतो.

सगळ्यात जास्त फसवतो तो स्टार १. तो कधी सापडत नसतो; जे शोधलं ते मिळालं नाही, म्हणून उरतो. किटमध्ये फक्त स्टार २ असेल, तर स्टार ३ असलेल्या माणसाचाही अहवाल १/१ छापला जातो. म्हणून निकालाआधी अहवालाच्या तळाशी कोणते प्रकार तपासले ते वाचा. अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) आणि मर्कॅप्टोप्युरिन (रक्ताच्या कर्करोगावरचं) यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं. ही औषधं शरीर किती सोसेल हे युरोपीय लोकांत टीपीएमटी जनुक पाहून बरंच कळतं. भारतीयांत मात्र एनयूडीटी१५ या दुसऱ्या जनुकातला दोष जास्त आढळतो. नुसता टीपीएमटी स्वच्छ आला म्हणून पूर्ण डोस दिला, तर पांढऱ्या पेशी कोसळू शकतात. सीवायपी२डी६ (थोडक्यात २डी६) या जनुकाची तऱ्हा आणखी वेगळी: कुणात अख्खी प्रत गायब, कुणात जादा प्रती, शेजारी जवळपास तसंच दिसणारं निकामी जनुक. प्रती न मोजता दिलेल्या निकालावर कोडीन किंवा ट्रॅमाडॉल या वेदनाशामकांचा निर्णय घेऊ नये.

आता पिशवी. जनुक उत्तम असूनही पॅरॉक्सेटिन (नैराश्यावरचं औषध) चालू असेल तर २डी६ चं विकर मंदावतं आणि ते औषध चालू असेपर्यंत माणूस मंद गटात जातो. पित्तावरची ओमेप्राझोल २सी१९ च्या विकराला अडवते. 'पित्ताची गोळी' कोणी आपणहून औषधांत मोजत नाही, मुद्दाम विचारावी लागते. स्ट्रिप हातात घेऊन नाव वाचलेलं बरं.

नमुन्याचं थोडक्यात: जांभळ्या टोपीच्या ईडीटीए नळीत २ ते ३ मिली रक्त. हिरव्या टोपीची नळी नको, हेपरिन पीसीआर अडवतं. डीएनएचं २६०/२८० गुणोत्तर (दोन तरंगलांबींवर शोषलेल्या प्रकाशाचं, शुद्धता कळण्यासाठी) १.८ च्या आसपास हवं. बरंच खाली असेल तर प्रथिनं राहिली. प्रत्येक प्लेटवर एक नुसत्या पाण्याचा आणि एक माहीत असलेल्या जनुकप्रकाराचा नमुना लावा. पाण्यात सिग्नल आला तर ती प्लेट टाकून द्यायची, वाद नाही. बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्याच्या रक्तात दात्याचा डीएनए असतो. यकृत बदललेल्यात रक्त पेशंटचं, पण औषध पचवणारं यकृत दात्याचं. मॅरो किंवा यकृत बदललंय का, हे दोन्ही प्रश्न चाचणीच्या मागणीपत्रावर छापूनच ठेवा.

शिकण्यासाठी सीपीआयसीचे (जनुकानुसार औषध कसं द्यावं याची मार्गदर्शक तत्त्वं काढणारा आंतरराष्ट्रीय गट) तक्ते मोफत आहेत. पूना कॉलेज ऑफ फार्मसीमध्ये फार्म.डी. होतं, सहा वर्षांतलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. त्या वर्षात वॉर्डातला राउंड चुकवू नका. संशोधनाकडे कल असेल तर गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात जैवतंत्रज्ञान विभाग आणि एनसीसीएस (पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) आहेत. रुग्णांचे अहवाल देणाऱ्या लॅबमध्ये जायचं असेल तर एनएबीएल मान्यता (लॅबच्या दर्जाची राष्ट्रीय मान्यता) आहे का, आणि ती नेमकी या चाचणीसाठी आहे का, हे पाहा.

जनुक आयुष्यभर तेच राहतं, त्याचा अर्थ मात्र सुधारत जातो. विकर किती काम करतं यासाठी २डी६ च्या स्टार १० ला पूर्वी ०.५ गुण देत, आता ०.२५ देतात. अहवालावर जोडी, गट आणि वापरलेल्या तक्त्याची तारीख, तिन्ही लिहा.