परतीचे गणित आधी: परदेशी शिकायला निघालेल्या गोमंतकीय विद्यार्थ्यांसाठी

पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी सल्ला विचारायला येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा 'कोणता देश चांगला?' हा असतो. मी गोव्यात विज्ञानाची पदवी घेतली, जर्मनीतील ब्रेमेन येथे सागरी भूविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले, तिथे काही काळ नोकरी केली आणि आता फोंड्याला परत आले आहे. या सगळ्यावरून माझे मत असे झाले आहे की देश निवडण्याआधी दुसऱ्याच एका प्रश्नाचे उत्तर काढून ठेवावे: शिक्षण संपताच परत यावेसे वाटले, तर ते आपल्याला परवडेल का? ज्याला परतणे परवडते, त्याला तिथे राहण्याचा निर्णयही मोकळ्या मनाने घेता येतो. बाकीचे अनेक जण केवळ हप्ते फेडायचे म्हणून राहतात.

आधी फायद्याची बाजू सांगते, कारण ती खरोखरच मोठी आहे. ब्रेमेनमध्ये समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या नळकांड्यांचे एक भांडार आहे. अटलांटिक, भूमध्य आणि आर्क्टिक समुद्रांतील वैज्ञानिक उत्खननांचे दीडशे किलोमीटरांहून अधिक लांबीचे नमुने तिथे शीतगृहात ठेवलेले आहेत. ज्या थरांची आकृती आम्ही गोव्यात वहीत काढत होतो, ते थर प्रत्यक्ष टेबलावर मांडलेले पाहणे आणि त्यांतला नमुना आपल्या हाताने तपासणे हा वेगळाच अभ्यास होता. त्याहूनही उपयोगी पडली ती तिथली शिकवण्याची पद्धत. चर्चासत्रात एखादा शोधनिबंध विद्यार्थ्याने मांडायचा आणि त्यातील उणिवाही त्यानेच दाखवायच्या, अशी अपेक्षा असते. प्राध्यापकांच्या म्हणण्याला हरकत घेतली तर त्यांचा मान कमी होतो असे तिथे कोणी मानत नाही. गुरुजनांसमोर गप्प बसण्याची सवय अंगी मुरलेल्या आपल्या मुलांना याचा सराव व्हायला एक पूर्ण सत्र लागते; मात्र एकदा तो झाला की पुढे कुठेही काम करताना त्याचा उपयोग होतो.

तरीही एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. माझ्या विषयापुरते बोलायचे तर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून अस्तित्वात आहे आणि तिचे मुख्यालय आपल्याच दोनापावलला आहे. मांडवी-झुआरी नद्यांच्या मुखांशी पावसाळ्यात काय घडते, खाणपट्ट्यातून वाहून आलेला गाळ कुठे साचतो, हे प्रश्न परदेशात कोणी आपल्याला शिकवणार नाही. ज्या प्रयोगशाळेसाठी आपण लाखो रुपये खर्चून निघालो आहोत, तशी प्रयोगशाळा आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे का, हे आधी पाहावे. असेल तर पदवीचा प्रकल्प तिथे करावा आणि मग अर्ज भरावा. अर्जातील उद्देशपत्रही त्यामुळे भरीव होते.

अभ्यासाच्या धोक्यांविषयी मुले फारसे विचारत नाहीत. जर्मनीत १.० ही सर्वोत्तम श्रेणी असते आणि ४.० ला माणूस जेमतेम उत्तीर्ण होतो. बहुतेक विद्यापीठांत एका विषयाच्या परीक्षेचे प्रयत्न मर्यादित असतात, बहुधा तीन. शेवटचाही फसला तर त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होते आणि त्याबरोबर निवासाच्या परवान्याचा आधारही डळमळतो. आपल्याकडच्यासारखा मागे राहिलेला विषय कितीही वेळा देण्याची सोय तिथे गृहीत धरू नये.

आता पैशांकडे वळते, कारण खरी गाठ इथेच बसते. जर्मनीतील सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी शुल्क नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. 'फुकट शिक्षण' हा शब्द बाकी ठिकाणच्या या शुल्कमाफीतूनच पसरला आहे. प्रत्यक्षात व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे साधारण बारा लाख रुपये, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच ठेवावे लागतात आणि त्यातून दरमहा ९९२ युरोच हाती येतात. त्यातच घरभाडे, आरोग्यविमा आणि जेवणखाण भागवायचे असते. म्यूनिकसारख्या शहरात ते भागत नाही, लहान शहरात ओढाताण करून भागते. भारतीय विद्यार्थ्याला व्हिसाच्या आधी आपली शैक्षणिक कागदपत्रे तपासून दिले जाणारे एपीएस प्रमाणपत्रही घ्यावे लागते आणि त्याला वेळ लागतो. घराच्या बाबतीत एवढेच सांगते की खोली पाहण्याआधी अनामत मागणाऱ्याला कधीही पैसे पाठवू नयेत.

ब्रिटनमध्ये पदव्युत्तर पदवी एका वर्षात होते, हा मोठा लाभ समजला जातो. पण त्या वर्षाचे शुल्क, व्हिसाबरोबर भरावा लागणारा वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार आणि सप्टेंबरला सुरू झालेले वर्ष संपायच्या आतच करावी लागणारी नोकरीची शोधाशोध यांची बेरीज केली, तर वेळेची बचत महाग पडू शकते.

बँक साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे तारण मागते, आणि गोव्यात हे तारणच अनेकांचे घोडे अडवते. घर आहे, बागायत आहे, पण जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (महाराष्ट्रातल्या सात-बारासारखा) आजोबांच्या भावंडांची नावे अजून तशीच असतात. वाटणी न झालेल्या मिळकतीला सगळ्या वारसांची संमती लागते. आपल्या नागरी कायद्यामुळे त्यांच्या पती-पत्नींच्याही सह्या येतात, आणि त्यांतला एक जण मुंबईत तर दुसरा आखातात असतो. न्यायालयात इन्व्हेंटरीचा दावा चालवून वाटणी करायची म्हटली तर प्रवेशाची मुदत केव्हाच उलटून गेलेली असते. घर मुंडकारीचे (म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर राहण्याच्या हक्काचे) किंवा कोमुनिदादच्या, म्हणजे गावसंस्थेच्या सामायिक जमिनीवरचे असेल तर बँकेच्या वकिलाचे समाधान होणे आणखी कठीण. म्हणून ज्यांच्या मनात परदेशी जाण्याचा विचार आहे, त्यांनी पदवीच्या दुसऱ्या वर्षातच घरातील मोठ्यांसोबत बसून कागदपत्रे पाहावीत. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जयोजना आणि मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजना यांची चौकशी बँकेत जाण्याआधी करावी. उत्पन्न, वय आणि अर्जाच्या मुदतीच्या अटी त्या त्या वर्षाच्या जाहिरातीतच वाचाव्यात. शेजारच्या घरातील मुलाला कसे मिळाले यावर विसंबू नये.

तिथे काम करून कर्ज फिटेल, ही समजूत सर्वांत धोकादायक. जर्मनीत विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस, ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तास आणि कॅनडात २४ तास काम करण्याची मुभा आहे. या कमाईतून किराणा आणि भाडे निघते, मुद्दल फिटत नाही. विषयाशी संबंधित अर्धवेळ काम मिळाले तर त्याचे मोल वेतनापेक्षा जास्त असते, पण जर्मनीत असे काम बव्हंशी जर्मन भाषा येणाऱ्यालाच मिळते. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे म्हणून भाषा टाळणारे विद्यार्थी नोकरीच्या वेळी अडकलेले मी पाहिले आहेत. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी मिळणारे अठरा महिने जर्मनच्या बी-दोन (वरच्या मध्यम) पातळीच्या वर्गात घालवायची पाळी येऊ द्यायची नसेल, तर ती पातळी आधीच गाठावी.

गोव्यात याच जागी आणखी एक वाट पुढे येते, ती पोर्तुगीज पासपोर्टची. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना ती खुली असल्यामुळे जवळपास प्रत्येक वाड्यावर तिची चर्चा असते. युरोपीय संघाच्या नागरिकाला जर्मनीत व्हिसा लागत नाही, ब्लॉक्ड अकाउंट लागत नाही, कामाच्या तासांचे बंधनही नसते. हे फायदे खरे आहेत. पण ब्रिटन संघाबाहेर पडल्यापासून तिथे नव्याने जाणाऱ्या पोर्तुगीज नागरिकाला व्हिसा काढावा लागतो आणि शुल्कही सामान्यतः परदेशी विद्यार्थ्याचेच भरावे लागते, हे अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपते. नंतर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे) मिळाले तरी मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि सरकारी नोकरीचा रस्ता बंद होतो. वयाच्या एकविसाव्या वर्षी, केवळ दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी, हा निर्णय घेऊ नये असे मला वाटते. कायमचे स्थायिक व्हायचे मनात पक्के असेल तर गोष्ट निराळी.

एकटेपणाबद्दल खूप लिहिले जाते, म्हणून थोडक्यात. हिवाळ्यात चार वाजता अंधारते आणि त्याचा मनावर परिणाम होतो. विद्यापीठांत समुपदेशनाची सोय असते, ती वापरण्यात कमीपणा नाही. चवथीला (गणेशचतुर्थीला) घरी येण्याची आशा मात्र देश पाहूनच बाळगावी. जर्मनीत हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरमध्ये सुरू होतात, त्यामुळे सुट्टीत चवथ साधता येते, जर त्याच सुमाराला एखादी परीक्षा येऊन बसली नाही तर. ब्रिटनमध्ये सप्टेंबरातच वर्ग सुरू होत असल्याने ती हुकू शकते.

परतल्यावर काय, हा प्रश्न गोव्यापुरता कठोरपणे पाहावा लागतो. वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील कंपनी परदेशी पदवीचे वेगळे पैसे सहसा देत नाही, आणि तीस-चाळीस लाखांच्या कर्जाचा हप्ता इथल्या सुरुवातीच्या पगारातून जात नाही. मी विद्यार्थ्यांना एक साधा हिशेब करायला लावते: गोव्यात किंवा पुण्या-बंगळुरात आपल्या विषयात आज मिळणारा सुरुवातीचा पगार मांडायचा, त्यातून घरखर्च वजा करायचा आणि उरलेल्या रकमेत दहा वर्षांत किती कर्ज फिटते ते पाहायचे. शिकत असतानाही व्याज चढत असते, ते या हिशेबात धरायचे. जो आकडा येतो ती आपली मर्यादा समजावी आणि विद्यापीठांची यादी तिच्या आत करावी. त्या यादीत नामांकित विद्यापीठ बसले नाही, तर शिष्यवृत्तीसाठी एक वर्ष थांबणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

अध्यापनात किंवा सरकारी सेवेत यायचे असेल तर परदेशी पदवीची समकक्षता सिद्ध करावी लागते. त्यासाठी अभ्यासक्रमाचा कालावधी, शिकवण्याची पद्धत आणि विद्यापीठाची मान्यता पाहिली जाते, म्हणून दूरस्थ किंवा अतिशय लहान कालावधीच्या पदव्यांबाबत प्रवेशाआधीच चौकशी करावी. गुणपत्रके, विषयवार अभ्यासक्रम आणि प्रबंध मंजूर झाल्याचे पत्र यांच्या प्रमाणित प्रती विद्यापीठ सोडण्यापूर्वीच घ्याव्यात. हेच कागद नंतर इथून ईमेल पाठवून मिळवण्यात महिने जातात.