पाचटाचा गॅस करताय? मग टाकीचं तापमान धरून ठेवा

ऊस गेला की आपल्या सांगलीकडं पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवतात, बघून लय वाईट वाटतं, त्याचा चांगला बायोगॅस होतो की. फक्त बारीक कुट्टी करून शेणाच्या स्लरीत (पातळ काल्यात) भिजवूनच टाकीत घाला, नुसतं पाचट वर तरंगून घट्ट थर धरतं आणि नत्रपण कमी पडतं. ५० ते ५५ अंशांत वाढणारे जिवाणू पाचट लवकर कुजवतात, पण तापमान एकदम उतरलं की गॅस मंदावलाच, म्हणून थंडीत सोलरचं गरम पाणी कालवूनच फीड (टाकीत घालायचा माल) द्या, टाकीला बाहेरनं भुशाचा जाड थर द्या. आंबूस वास आला, ज्योत धड पेटेना, की फीड लगेच थांबवा. घरच्या छोट्या प्लांटला मात्र ३५ अंशवाले साधे जिवाणूच बरे.